डब्यातलं ऊन

आषाढात लोहगडवाडीतल्या मिठाच्या बरणीत मीठ कमी आणि पाणी जास्त असतं. काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागते, पापड तळायच्या आधीच वाकतात, कोनाड्यातल्या चामडी चपलेवर हिरवट लव धरते. पवनेच्या खोऱ्यातून चढलेला ढग लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीत शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुणे शहराच्या वाट्याला त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास येतो. अशा गावात कुणी वाळवलेला पाला आणि घरी कढवलेलं तेल वर्षभर टिकवून दाखवत असेल, तर त्या घरात थोडा वेळ बसायला हवं.

लोहगडवाडीत बसायला सहसा कुणी येत नाही. मळवली स्टेशनावर लोकलमधून उतरायचं, भाज्याच्या बाजूने खिंडीचा चढ चढायचा, वाडीत पिठलं-भाकरी सांगून ठेवायची आणि गडाच्या गणेश दरवाज्याकडे निघायचं, हा इथला रिवाज. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात लोहगड आहे, त्यामुळे शनिवार-रविवारची गर्दी आता आणखी वाढणार. सगळ्यांच्या माना वर, गडाच्या विंचूकाट्याकडे. खाली कुंपणाला निर्गुडी आहे, तिच्याशेजारी अडुळसा आहे, शेवग्यावर गुळवेल चढली आहे, आणि भाताच्या बांधाला पांढऱ्या फुलांचा माका आहे. गावाचं औषधाचं कपाट हे एवढं, आणि त्याचा निम्मा भाग कधीच घरात येत नाही. तो का येत नाही, हे पुढे सांगतो.

लोहगड हा तसा साठवणीचाच गड. सुरतेची लूट इथे ठेवली गेली आणि पुढे नाना फडणविसांनी आपली दौलत इथे हलवली. लक्ष्मीकोठी आजही दाखवतात. पण सोन्याला ओल लागत नाही, दारूगोळ्याला लागते. १७१५च्या सुमाराच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांच्या बंदोबस्ताचं प्रकरण आहे. दारूखान्यातली दारू आणि बाण दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं, अशी हवालदाराला त्यात ताकीद आहे. त्याच आज्ञापत्रात गडावर कोणकोण माणसं असावीत हेही सांगितलं आहे, आणि त्यांत रसायनं जाणणारे वैद्य, झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य आणि जखमा बांधणारे वेगवेगळे मोजले आहेत. राज्य चालवणाऱ्या माणसाला झाडपाल्याचा वैद्य सुतार-लोहाराइतकाच गरजेचा वाटत होता, याचं मला फारसं नवल वाटत नाही. दारूला ऊन देण्याची ती ताकीद मात्र मला जास्त जवळची वाटते, कारण वाडीतल्या बायका भाद्रपदात डबे उघडून नेमकं तेच करत असतात. ढग फाटला, अंगणात तासभर ऊन पडलं, की सगळ्यात आधी कपडे नव्हे, डबे बाहेर येतात.

झाडपाला कधी तोडायचा याबद्दल गाव आणि ग्रंथ यांचं बऱ्यापैकी जमतं. शार्ङ्गधर संहिता हा मध्ययुगातला ग्रंथ औषधं बनवणाऱ्यांचा हाताशी ठेवायचा ग्रंथ मानला जातो. तो सांगतो, की सर्वसाधारण कामासाठी वनस्पती शरद ऋतूत, रसरशीत असताना घ्यावी. ओकारी आणि रेच यांच्या औषधांसाठी वसंत सरताना. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, म्हणजे हा दिवाळी अंक तुमच्या हातात असतो तेच दिवस. कारण सरळ आहे. चार महिने पाणी पिऊन पानं भरलेली असतात, आणि आकाश उघडल्यामुळे ती वाळवायचीही सोय असते. श्रावणात तोडलेली निर्गुडी वाळण्याआधी काळी पडते, आणि चैत्रात तोडलेली निम्मी धुळीने माखलेली असते.

शरदाची एक खोड मात्र पाहुण्याच्या लक्षात येत नाही: दव. दिवसभर छान कुरकुरीत झालेला पाला रात्री अंगणात राहिला, तर सकाळी पुन्हा मऊ. म्हणून दिवेलागणीच्या आधी पाला आत. ज्या घरी मी बसलो होतो, तिथल्या आजी सुनेला दोनदा हाक मारून हेच सांगत होत्या, "अगं, सूप आत घे, दव पडंल." सून म्हणाली, "घेते, आत्याबाई," आणि पुन्हा भाकरीकडे वळली. तिसऱ्यांदा आजी स्वतःच उठल्या.

पानं सावलीत, फळं आणि मुळं उन्हात, हा ढोबळ नियम. ज्या पानाला वास आहे, त्याचं औषध बहुतांशी त्या वासातच असतं, आणि तो उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. निर्गुडी, तुळस, सब्जा यांना दुपारचं कडक ऊन दिलं की ती तेलं पाण्याबरोबर निघून जातात आणि डब्यात नुसता चारा उरतो. पाला वाळवण्यासाठी चाळीस अंशांपर्यंतची ऊब पुरते. हवा खेळती असणं त्याहून महत्त्वाचं. सुतळीने विणलेली खाट आणि तिच्यावर जुनं सुती लुगडं, यापेक्षा चांगलं साधन मी अजून पाहिलेलं नाही, कारण त्यात खालूनही वारा लागतो. थर एका पानाचा ठेवायचा आणि दिवसातून दोनदा हलवायचा. आवळकाठी, हिरडा, बेहडा, शिकेकाई, आंबेहळदीच्या चकत्या यांना मात्र उघडं ऊन लागतं. त्या जाड असतात, आणि आत ओल राहिली तर बाहेरून कोरड्या दिसून फसवतात.

ताज्या पाल्यात साधारण पाऊण हिस्सा पाणीच असतं. किलोभर निर्गुडी वाळवली की हातात पाव किलोच्या आसपास येते. ती खरोखर वाळली का, हे डोळ्यांनी कळत नाही. आजींची कसोटी कानाची होती: "मोडला पायजे, वाकला न्हाय पायजे." पान चुरगाळल्यावर आवाज यावा, देठ वाकवल्यावर कट्‌कन तुटावा. त्यावर एक पायरी मी सुचवीन. वाळलेला पाला काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावायचं आणि तीन-चार दिवस नुसतं बघत राहायचं. काचेला आतून जरा जरी धुकं धरलं, तर सगळा पाला पुन्हा लुगड्यावर. मधल्या शिरांत आणि देठांत दडलेली ओल या दिवसांत बाहेर येते. हे न करता सरळ पत्र्याच्या डब्यात भरलेला पाला डब्यातच घामाघूम होतो आणि आपल्याला पत्ता लागतो तो महिन्याने, कुबट वासाने.

बुरशी आली की तो माल संपला. झटकून, धुऊन, ऊन देऊन तो पुन्हा वापरात आणण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण तोडण्याचे आणि वाळवण्याचे कष्ट आठवतात. पण काही बुरश्या जी विषं सोडतात, त्यांतलं अफ्लाटॉक्सिन साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. बुरशी दिसेनाशी होते, विष राहतं. असा माल खाण्याच्या औषधात नको आणि तेलातही नको.

आता कोठाराबद्दल. पूर्वी चुलीवरच्या माळ्याला पर्याय नव्हता. कारवीच्या कुडाचं घर, आत सतत धुमसणारी चूल, आणि वर माळ्यावर बियाणं, सुकट, औषधं. धुराने किडे दूर राहत आणि उबेने ओल. आता घरं विटांची आणि स्लॅबची झाली, स्वयंपाक गॅसवर आला. बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला हे फार चांगलं झालं, आणि त्याबरोबर माळाही गेला. गॅसवर भात शिजताना उलट घरात वाफच वाढते. त्यामुळे औषधांचा डबा ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवणं, जे आपण सगळे सोयीसाठी करतो, ते सगळ्यात वाईट. आतल्या खोलीतलं कपाट, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून सुटं, ही जागा बरी. भांडं काचेचं किंवा पत्र्याचं, तोंडाला घट्ट, आणि मालाच्या मानाने फार मोठं नको, कारण अर्धा डबा रिकामा म्हणजे अर्धा डबा पावसाळी हवा. प्लास्टिकची पिशवी नकोच. तव्यावर कोरडे भाजलेले मूठभर तांदूळ फडक्यात बांधून तळाशी टाकले तर थोडी ओल ओढतात. नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या दाणेदार पुड्याही तेच काम करतात, फक्त त्या फुटलेल्या नसाव्यात. धान्यात निर्गुडीचा आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालायची जुनी पद्धत इथेही चालते, पण औषधाच्या डब्यात दुसऱ्या औषधाचा वास मिसळू द्यायचा नसेल तर तमालपत्रसुद्धा टाकू नये.

आणि कुटायचं नाही. शार्ङ्गधराने औषधं किती दिवस टिकतात याचा हिशेब दिला आहे: कच्ची औषधी वर्षभर, चूर्ण दोन महिने, औषधी तेल-तूप सोळा महिने. हा हिशेब प्रयोगशाळेत झालेला नाही, पण त्यातलं तर्कशास्त्र पटण्यासारखं आहे. अख्ख्या हिरड्याला हवा लागते ती सालीपुरती. कुटलेल्या हिरड्याच्या प्रत्येक कणाला लागते. घरात त्रिफळा लागतो म्हणून अर्धा किलो चूर्ण आणून ठेवणारे लोक, माझ्यासकट बहुतेक शहरी लोक, सहा महिन्यांनी तपकिरी भुकटी गिळत असतात. वाडीत फळं अख्खी ठेवतात आणि लागेल तेवढं कुटतात. बाळगुटीची रीत तर याहून काटेकोर. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा हे सगळं अख्खं, आणि सहाणेवर मोजके वेढे. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि ते बरोबर सांगतात. गुटीच्या वस्तू नीट ठेवण्याची पद्धत शिकावी. गुटी पाजलीच पाहिजे असं नाही.)

शार्ङ्गधराच्या याच ग्रंथात दोन याद्या आहेत, आणि साठवणीवर लिहिणारे बहुतेक जण त्या वगळतात. पहिली यादी जुन्या झाल्यावरच चांगल्या होणाऱ्या वस्तूंची: वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप, मध. बाकी सगळं नवं घ्यावं, ही मात्र मुरलेली घ्यावीत. दुसरी यादी जास्त कामाची. काही वनस्पती नेहमी ओल्याच वापराव्यात असं ती सांगते, आणि त्यांत गुळवेल, अडुळसा, शतावरी, कुडा, कोहळा, अश्वगंधा येतात. म्हणजे बाजारात ज्यांची वाळकी मुळं आणि भुकट्या सर्रास विकल्या जातात, त्यांतलीच काही नावं. लोहगडवाडीचं अर्धं कपाट कुंपणावर का, याचं उत्तर इथे आहे. गुळवेल डब्यात कशाला, ती शेवग्यावर आहेच. लागली की वीतभर तोडायची. तोडलेली वेल दोरीला टांगून ठेवली तरी ती महिनोन्‌महिने मरत नाही, टांगल्या जागी हिरवे कोंब आणि दोऱ्यासारखी मुळं सोडते. जुनी माणसं फार तर तिचं सत्त्व काढत. ओली वेल ठेचायची, पाण्यात कुस्करून रात्रभर ठेवायची, पाणी ओतून तळाचा पांढरा साका उन्हात वाळवायचा. किलोभर वेलीचं चिमूटभर सत्त्व निघतं, म्हणून ते कुणी उधळत नसे.

करोनाच्या वर्षात गुळवेलीची उधळण झाली, आणि तिचा एक हिशेब नंतर समोर आला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वेल नक्की गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलं नाही असं त्यांचं म्हणणं. वाद कुणाच्या बाजूने सुटला यापेक्षा मला त्या आक्षेपातली कबुली महत्त्वाची वाटते: सारख्या दिसणाऱ्या वेली आहेत, आणि वाळवून तुकडे केले की त्या ओळखता येत नाहीत. कुंपणावरची वेल पानासकट, फुलासकट समोर असते. माक्याचंही तसंच. पिवळ्या फुलाची एक वेल सर्रास माका म्हणून लावली जाते. खऱ्या माक्याचं फूल पांढरं, आणि देठ बोटांत चोळला की रस बघता बघता काळा पडतो. मावळच्या रानात कळलावीचं लालपिवळं फूल आणि रामेठ्याची पिवळी फुलं पाहून कुणाला हात घालावासा वाटला, तर दोन्ही विषारी आहेत हे ध्यानात असू द्यावं.

तेलाकडे येऊ. तेल करणं म्हणजे वनस्पतीतलं जे तेलात उतरतं ते उतरवून घ्यायचं आणि पाणी मागे ठेवायचं. वाडीत दोन तेलं घरोघरी होतात: सांधे धरले तर निर्गुडीचं, केसांना माक्याचं. दोन्ही तिळाच्या तेलात, निदान पूर्वी तरी. घाटावरच्या वरकस रानात नाचणी-वरईबरोबर खुरासणीही होई, आणि ज्याच्या घरी जे तेल तेच कढईत पडे. आता खोबरेल आलं आहे. केसांना ते चांगलंच, पण पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि मार्गशीर्षातल्या लोहगडवाडीत त्याचा दगड होतो. तिळाच्या तेलाची एक खासियत आहे. त्यात मुळातच असे घटक असतात, की ते हवेशी लवकर बिघडत नाही. त्यामानाने सूर्यफुलाचं तेल फार लवकर खवट होतं. ग्रंथांनी कशाचंही नाव न घेता नुसतं तेल म्हटलं तर तिळाचं समजावं, असा संकेत आहे, आणि टिकण्याच्या दृष्टीने तरी तो शहाणपणाचा आहे.

प्रमाण पाठ करायला सोपं आहे. वाटलेला ओला गोळा, म्हणजे कल्क, एक भाग, तेल चार, पाणी किंवा काढा सोळा. काढा वापरला तर कल्क तेलाच्या सहाव्या हिश्शावर आणायचा, ताजा रस वापरला तर आठव्या. निर्गुडीच्या पानाला रस कमी, म्हणून तिचा काढा करायचा. अर्धा किलो वाळला पाला चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर उकळत एक लिटरवर आणायचा. गाळून घ्यायचा. त्यात पाव लिटर तिळाचं तेल आणि चाळीसेक ग्रॅम निर्गुडीच्या पानांचा वाटलेला गोळा. माक्याला रस भरपूर. बांधावरची टोपलीभर रोपं मुळासकट उपटू नयेत, वरून खुडावीत, ठेचून पिळावीत, आणि पाव लिटर तेलाला लिटरभर रस घालावा. एवढा रस काढताना हात काळे होतात आणि आठवडाभर तसेच राहतात.

कढई तेलाच्या मानाने भली मोठी हवी, कारण हे मिश्रण फुगतं आणि फसफसतं. आच मंद, आणि कालथा सारखा तळाशी, कारण कल्क बुडाला लागला की पुढचं सगळं करपट. एक गोष्ट मला फार आवडते: हे तेल एका दिवसात पुरं करू नये असं शार्ङ्गधर सांगतो. आज थोडं आटवायचं, झाकून ठेवायचं, उद्या पुन्हा. रात्रभर मुरताना तेलात जास्त उतरतं हे एक. आणि दिवस मावळायला लागला की माणूस घाई करतो, आच वाढवतो, हे दुसरं. ते ग्रंथात नाही, माझ्या मनातलं आहे.

तेल झालं हे कसं ओळखायचं? तीन खुणा. कल्काचा गोळा दोन बोटांत वळला तर त्याची वात व्हावी. हाताला चिकटला तर कच्चा, भुगा झाला तर गेला. ती वात विस्तवावर धरली तर चटचट आवाज होऊ नये. आणि तेलावर फेस यावा. तुपाचं उलटं, तूप झालं की फेस मोडतो. वात अजून मऊ असताना उतरवलं तर मृदू पाक, जरा घट्टपणा आला की मध्यम, कडक झाली की खर. लावण्याच्या तेलाला मध्यमाच्या थोडं पुढे गेलेलं चालतं. आजींनी वात विस्तवात धरली तेव्हा ती अगदी बारीक तडतडली. त्यांनी काही न बोलता कढई पुन्हा चढवली. तडतड म्हणजे पाणी. वात पेटवून कान देणं ही ओल मोजायची रीत आहे, आणि घरातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा अचूक आहे.

या तडतडीकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं, याची गोष्ट फार लांबची आहे. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका हॉटेलातला तेलात मुरवलेला चिरलेला लसूण खाऊन तीसहून अधिक माणसं आजारी पडली. कारण बॉट्युलिझम. मातीत राहणारे हे जंतू हवा नसलेल्या ओलाव्यात वाढतात आणि जे विष करतात ते मज्जातंतू लुळे पाडतं. तेलाखाली बुडालेली ओली लसणाची पाकळी म्हणजे त्यांना हवी तशी जागा: वरून तेल, म्हणून हवा नाही, आत पाणी, म्हणून जीव. न्यूयॉर्क राज्यातही १९८९ मध्ये असाच प्रकार झाला आणि त्यानंतर अमेरिकेत अशा मालात आम्ल घालणं सक्तीचं झालं. आपल्याकडे हौसेने सुंदर बाटलीत ओली मिरची, लसूण, कढीपत्ता घालून वर तेल ओतून ओट्यावर शोभेला ठेवण्याची टूम आली आहे. शोभेला ठेवा, खाऊ नका. खायचं असेल तर फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवा. लोणच्याला हे भय कमी, कारण त्यात मीठ आणि आंबट आहे. आणि अंगाला लावायच्या तेलातही ओला पाला नुसता बुडवून उन्हात ठेवणं नको. थंड पद्धतीनेच तेल करायचं असेल तर पाला पूर्ण वाळलेला हवा, बरणी कोरडी हवी, आणि पाला तेलाच्या वर डोकावता कामा नये. दोन-तीन आठवडे सावलीतल्या उबेला ठेवून, रोज हलवून, गाळून घ्यायचं. वासाची पानं असतील तर ही पद्धत कढवण्यापेक्षा बरी.

गाळणं हाही सोपा भाग नाही. तेल कोमट असताना धुतलेल्या आणि पुरत्या सुकलेल्या मलमलीतून गाळायचं, शेवटी फडकं पिळायचं नाही. पिळलेलं वेगळ्या बाटलीत, आधी वापरायला. मग एक रात्र तसंच ठेवून वरचं निवळ तेल गडद काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत. बाटली धुतली असेल तर ती उन्हात किंवा तव्याच्या उबेवर पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तेल ओतायचं नाही. बाटलीवर चिठ्ठी: काय, कधी, कुणी तोडलं. आजींच्या घरी चिठ्ठ्या नव्हत्या, बाटलीला बांधलेले दोरे होते, लाल दोरा यंदाचा. नातीने आता पेनाने लिहायला सुरुवात केली आहे. तेलाला शिळ्या शेंगदाण्यासारखा वास आला की मुदत शिल्लक असली तरी ते दिव्याला.

लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघावं. उघड्या जखमेवर, कानात, नाकात घरचं तेल घालू नये. सांधा लाल होऊन सुजला असेल, ताप असेल, तर निर्गुडी बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. लोणावळ्यापर्यंत वाट आता तेवढी लांब नाही.

गडावर येणाऱ्या गर्दीला हे तेल विकावं का, हा प्रश्न वाडीत निघतोच. ताक, लिंबू सरबत, मक्याचं कणीस यांच्याशेजारी निर्गुडीच्या बाटल्या मांडल्या तर खपतील यात शंका नाही. पण औषध म्हणून विकण्यासाठी बनवायचं तर १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि बाटलीवर सांधेदुखी बरी होते असं लिहिणं म्हणजे परवान्याचा प्रश्न अंगावर ओढवून घेणं. शिवाय मागणी वाढली की कुंपण पुरत नाही, आणि हात वर जंगलाकडे जातो. किल्ला संरक्षित स्मारक आहे, आजूबाजूला वनखात्याची जमीन आहे. पानं खुडली तर झाड राहतं. शतावरीची, अनंतमुळाची, मुसळीची मुळं खणली की ते झाड गेलंच. सह्याद्रीतली नरक्या ही वनस्पती कर्करोगाच्या औषधासाठी बेसुमार तोडली गेली, हे उदाहरण जुनं नाही.

दुसरी वाटही आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून मोठ्या आयुर्वेद कंपन्यांना पुरवली आणि करोनाच्या काळात त्यांना कोटीच्या वरच्या मागण्या आल्या. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबांचा उन्हाळा बाळहिरड्यावर निघतो. पण त्या एका पिकावर किती भार असतो ते ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दिसलं. हिरड्याची झाडं उन्मळून पडली आणि भरपाईसाठी माणसांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. लोहगडवाडीला एवढा डोंगरही नाही आणि एवढा हिरडाही नाही. मला वाटतं तिने बाटल्या विकण्यापेक्षा पाहुण्याला अर्धा दिवस बसवून वात विस्तवावर धरायला शिकवावं आणि त्याचे पैसे घ्यावेत. परवान्याचा घोळ नाही, आणि मुळं जमिनीत राहतात.

यंदाच्या अभ्यंगाला उशीर झाला असेल, पण पुढच्या वर्षासाठी वेळापत्रक असं: गणपती गेले की पाला, पितृपक्षात वाळवण, कोजागरीच्या सुमाराला काढा आणि दोन दिवसांत तेल, वसुबारसेपर्यंत ते निवळून बाटलीत. उटण्याला नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला कचरा, वाळलेली संत्र्याची साल, गुलाबाच्या पाकळ्या हे सगळं अख्खं जमवून ठेवायचं आणि धनत्रयोदशीला कुटायचं, घरातल्या माणसांना चार आंघोळी पुरेल इतकंच. शेवटी ते चूर्णच, त्याला दोन महिने. उरलेलं पुढच्या दिवाळीसाठी ठेवू नये.